फ्लॅश शिकता येतो, फुलाचं काय

हमिंगबर्डचा पंखाचं पीस न् पीस दिसणारा फोटो कुणाला दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला, शटर स्पीड किती होता? मी १/२०० (सेकंदाचा दोनशेवा भाग) म्हणाले की समोरच्याला वाटतं ही काहीतरी लपवतेय. कारण १/२०० ला पळणारं पोरगंसुद्धा धड येत नाही आणि हा पक्षी तर सेकंदाला पन्नासेक वेळा पंख मारतो. पण खरंच १/२०० च असतो. तो फोटो शटरने काढलेलाच नसतो, फ्लॅशने काढलेला असतो, आणि हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं म्हणजे स्टँड लावणं, बॅटऱ्या चार्ज करणं आणि डास मारत बसणं. निदान सुरुवातीला मला तसं वाटलं होतं. फुलाचा प्रश्न नंतर आला आणि तो अजून सुटलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलेय.

मी राहते न्यू जर्सीत. अमेरिकेच्या पूर्व भागात घरटं करणारा हमिंगबर्ड एकच, रुबी थ्रोटेड, तीन ग्रॅमचा जीव, इथल्या एका सेंटच्या नाण्यापेक्षा थोडासाच जड. बाकी साडेतीनशेच्या वर जाती आहेत पण त्या बहुतेक सगळ्या मेक्सिकोपासून खाली, आणि अमेरिका खंडांच्या बाहेर तर आज एकही नाही. (तिकडे भारतात कुणी बाल्कनीत हमिंगबर्ड बघितला म्हणून व्हिडिओ पाठवला तर तो शिंजीर असतो नाहीतर हॉक मॉथ नावाचा पतंग, हे मी दर वर्षी फॅमिली ग्रुपवर सांगते आणि दर वर्षी काकाला राग येतो.)

आता थोडं गणित, कंटाळा आला तर पुढे जा. या पक्ष्याचा पंख साधारण साडेचार सेंटिमीटर. एका फटकाऱ्यात त्याचं टोक दहा सेंटिमीटरच्या आसपास फिरतं, पुढे एकदा आणि मागे एकदा, असं सेकंदाला पन्नास वेळा, म्हणजे टोकाचा वेग झाला सेकंदाला दहा मीटर. १/२०० सेकंदात ते टोक पाच सेंटिमीटर सरकतं, म्हणजे फोटोत पंख नाही, नुसता धूर. १/४००० ला अडीच मिलिमीटर, हे चालून जातं पण त्याला कडक ऊन लागतं आणि उन्हात सावल्या घाण पडतात. १/२०००० ला मात्र अर्धा मिलिमीटर फक्त. एवढा बारीक क्षण साध्या कॅमेऱ्याच्या शटरला पकडता येत नाही, पण कॅमेऱ्यावर लावायचा शंभर-दीडशे डॉलरचा साधा फ्लॅश तो पकडतो.

गंमत अशी आहे की या फ्लॅशची पॉवर कमी केली म्हणजे उजेड मंद होत नाही, तो लवकर बंद होतो. फुल पॉवरला तो सेकंदाच्या काही सहस्रांश भागात रेंगाळत पेटतो, पॉवर १/१६ ला आणली की दहा हजाराव्या भागाच्या आसपास येतो, १/३२ ला त्याहून बारीक. म्हणून पॉवर कमी ठेवायची, आणि उजेड पुरत नाही म्हणून एकाऐवजी चार-पाच फ्लॅश लावायचे आणि ते पक्ष्याच्या अगदी जवळ, दीड-दोन फुटांवर आणायचे. स्टुडिओतले मोठे लाइट इथे बऱ्याचदा उलटे वागतात, जुन्या पद्धतीच्या मोठ्या लाइटांमध्ये पॉवर कमी केली तर उजेडाची वेळ वाढते, त्यामुळे महागडं सामान घेऊन आलेला माणूस तोंड पाडून बसलेला मी बघितलाय. आणि फ्लॅशवर हाय स्पीड सिंक म्हणून जे बटण असतं ते इथे दाबायचंच नाही, त्यात फ्लॅश एका झटक्याऐवजी लागोपाठ बारीक बारीक पेटत राहतो, त्याचा सगळा उपयोगच जातो.

दुसरी अट म्हणजे बाकीचा उजेड मारायचा. फ्लॅश बंद ठेवून टेस्ट शॉट घेतला तर फ्रेम काळीकुट्ट आली पाहिजे, मग समजायचं की आता जे दिसेल ते फक्त फ्लॅशच्या उजेडात दिसेल. पावसाळी अमावास्येला वीज चमकल्यावर अंगणातली बादली, दोरीवरचे कपडे, पळणारं मांजर सगळं जागच्या जागी थिजलेलं दिसतं ना, तसंच, फक्त वीज आपल्या हातातल्या बटणावर. म्हणून आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) कमी, ॲपर्चर (लेन्सचं भोक) बारीक, एफ/१३-एफ/१६, जागा सावलीची. नाहीतर फ्लॅशने थिजवलेल्या पंखाच्या बाजूला दिवसाच्या उजेडातला दुसरा पुसट पंख येतो, त्याला भुताचा पंख म्हणतात. २०२३ मध्ये सोनीने ग्लोबल शटरचा (सगळी फ्रेम एकाच क्षणी टिपणारा) कॅमेरा आणला, तो साध्या कॅमेऱ्यासारखा १/२०० च्या आसपास न अडता कुठल्याही शटर स्पीडला फ्लॅशशी जुळतो, त्यामुळे ही सावलीची कटकट आता हळूहळू जाईल. त्याची किंमत बघून मी तो टॅब बंद केला.

हे सगळं नवीन आहे असं वाटतं पण नाही. एमआयटीतल्या हॅरल्ड एजर्टनने १९३० च्या दशकातच इलेक्ट्रॉनिक फ्लॅशने हमिंगबर्ड थिजवले होते. आणि नंतर क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट म्हणून एक गृहस्थ, ते ड्यूपाँट या रसायनांच्या कंपनीचे १९४८ ते १९६२ प्रेसिडेंट, शिक्षणाने केमिकल इंजिनिअर, यांना हमिंगबर्डचं वेड लागलं. एवढी मोठी कंपनी चालवता चालवता हा माणूस डेलावेअरमध्ये आपल्या बागेत फ्लॅश लावून बसायचा, एजर्टनची मदत घ्यायचा आणि पुढे ब्राझीलपर्यंत जाऊन आला. १९६० मध्ये त्याचं हमिंगबर्डवरचं पुस्तक आलं. माझ्या घरापासून डेलावेअरमधलं विल्मिंग्टन, म्हणजे ड्यूपाँटचं गाव, दोन तासांवर आहे, त्यामुळे उगाचच मला तो शेजारी वाटतो. आपले मॅनेजर वीकेंडला गोल्फ खेळतात, असो.

अंगणातलं गणित सोपं आहे. साखरेचं पाणी, एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, रंग नाही, मध नाही, गूळ तर अजिबात नाही (आईने सुचवला होता), आणि उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी बदलायचं कारण ते आंबतं. बाकीचे फीडर (साखरपाण्याची टांगती भांडी) काढून एकच ठेवायचा, मग पक्षी त्याच जागी येतो. दोन फ्लॅश पुढून, एक वरून मागून म्हणजे पाठीवर कड उजळते, एक मागच्या पडद्यावर. आणि पुढच्यातला एक तरी फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी पाहिजे. कारण नराच्या गळ्यावरचा तो माणकासारखा लाल हा रंगद्रव्याचा रंग नाहीच, पिसांतल्या अतिसूक्ष्म थरांवरून उजेड परततो तेव्हा तो लाल दिसतो, आणि तो ठराविक कोनातच परततो. बाजूने उजेड टाकला तर तोच गळा कोळशासारखा काळा. इतके फ्लॅश लावले की पक्ष्याच्या डोळ्यात तीन-चार पांढरे ठिपके येतात, मी एक ठेवते आणि बाकीचे पुसते, याबद्दल मला काही वाटत नाही.

पडद्याबद्दल मात्र वाटतं. मागे काही ठेवलं नाही तर पार्श्वभूमी काळी येते, दुपारी दोनचा फोटो रात्रीचा वाटतो, म्हणून सगळे जण काय करतात तर हिरव्या झाडीचा मुद्दाम धूसर काढलेला फोटो मोठा प्रिंट करून चार-पाच फुटांवर मागे उभा करतात, मॅट कागदावर, ग्लॉसी असला तर चमकतो. म्हणजे आपण फोटोसमोर पक्ष्याचा फोटो काढतो. मीही काढलेत, छान येतात, आणि तिथे काही फसवणूक आहे असं मला म्हणायचं नाही, पण त्या प्रिंटवरचं रान कुठलं असतं हे कुणी विचारत नाही.

या फोटोंतून दिसतं ते मात्र डोळ्यांना एरवी कधीच दिसलं नसतं. उदाहरणार्थ हा पक्षी हवेत एका जागी उभा असतो तेव्हा पंख वरखाली हलवत नाही, पुढे-मागे फिरवतो, आडवा आठ काढल्यासारखा, आणि मागे नेताना पंख चक्क उलटा होतो, खालची बाजू वर येते. तुम्ही लागोपाठ फोटो काढले की एखाद्यात तो उलटा झालेला पंख सापडतो आणि पहिल्यांदा वाटतं की मोडला की काय. २००५ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात यावर अभ्यास आला होता, वजनाचा तीन चतुर्थांश भार पुढच्या फटक्यावर असतो आणि चतुर्थांश परतीच्या. इतर पक्ष्यांना असं उभं राहायचं असेल तर परतीचा फटका जवळजवळ फुकट जातो, किड्यांचा दोन्ही सारखा कामाला येतो, हा मधेच कुठेतरी. दुसरी गोष्ट जीभ. चोच फुलातून काढून तो इंचभर मागे सरकतो तेव्हा जीभ अजून बाहेर असते, टोकाला दोन फाटे. फोटो काढायचा तो याच वेळी, चोच आत असताना नाही. आत असताना डोकं झाकतं, पंख पाकळ्यांवर येतात, आणि फोटोत नुसती गिचमिड होते. पितो, मागे सरकतो, परत पितो, हा त्याचा ताल दहा मिनिटं कॅमेरा खाली ठेवून नुसता बघितला तर बोट आपोआप त्या तालावर येतं.

आता फुलाकडे येते.

फीडरच्या प्लास्टिकच्या नळीवर बसलेला पक्षी कुणालाच नको असतो. म्हणून युक्ती अशी की फीडर काढायचा आणि त्याच जागी क्लॅम्पमध्ये (चिमट्यात) एक फूल अडकवायचं, सिरिंजने त्यात साखरपाणी सोडायचं. पक्ष्याला जागा पाठ असते, तो येतोच, फूल कुठलं आहे याची त्याला फारशी पर्वा नसते. मग फोटोग्राफर ठरवणार, फूल किती उंचीवर, तोंड कुठल्या बाजूला, चोच आणि पाकळी यांच्यात किती हवा सोडायची, पक्षी डावीकडे तर फूल उजवीकडे झुकलेलं, रंग पडद्याशी जुळणारा. कोस्टा रिकात सारापिकी भागातल्या एका लॉजवर मी अशा सेटअपवर बसले होते, रांगेत सहा फोटोग्राफर, मधे क्लॅम्प, आणि क्लॅम्पमध्ये टॉर्च जिंजरचं मोठं गुलाबी फूल. पक्षी व्हाइट-नेक्ड जॅकोबिन, निळं डोकं, पांढरं पोट, शेपटीचा पांढरा पंखा उघडला की बघत राहावं असा. फोटो असे आले की मला स्वतःलाच खोटे वाटले. आणि एका अर्थी होतेच, कारण टॉर्च जिंजर मुळात तिथला नाही, तो इंडोनेशिया-मलेशियाकडचा, आपल्या हळदीच्या कुळातला, तिथे बागेत लावलेला. हजारो जणांनी काढलेला, मासिकांत आलेला, कॅलेंडरवर चढलेला हा फोटो म्हणजे एका खंडाचा पक्षी आणि दुसऱ्या खंडाचं फूल सिरिंजने जुळवलेलं लग्न आहे.

कुणी म्हणेल की काय फरक पडतो, केळफुलावर पण येतातच ना. येतात, आणि केळही आशियातलीच. मी तिथे केळफुलावर हमिंगबर्ड बघितला तेव्हा खूप हसू आलं, कोकणातल्या आमच्या परसात शिंजीर जे करतो तेच अगदी. पण तिथे पक्षी स्वतःहून गेला होता, कुणी सिरिंज घेऊन उभं नव्हतं. माझा आक्षेप परदेशी फुलाला नाही. माझा आक्षेप हा आहे की फूल नुसतं शोभेचं समजलं की या पक्ष्याची सगळ्यात मोठी गोष्ट फोटोतून पुसली जाते, ती म्हणजे त्याची चोच अशी का आहे.

कॅरिबियन बेटांवर पर्पल-थ्रोटेड कॅरिब नावाचा हमिंगबर्ड आहे. त्यात मादीची चोच नरापेक्षा लांब आणि जास्त वाकडी. २००३ मध्ये सायन्स या नियतकालिकात टेमेलिस आणि क्रेस या संशोधकांचा पेपर आला होता, त्यांनी दाखवलं की नर एका जातीच्या हेलिकोनियावर (केळीसारख्या पानांचं झाड) जातो, आखूड, सरळसर फुलांच्या, आणि मादी दुसऱ्या हेलिकोनियावर, जिची फुलं लांब आणि वाकडी. नवरा-बायकोच्या चोची वेगळ्या कारण फुलं वेगळी. आता या मादीला उचलून नराच्या फुलासमोर उभं केलं, फ्लॅश मस्त, गळा पेटलेला, बक्षीससुद्धा मिळेल, पण फोटो काय सांगतोय? किंवा सिकलबिल नावाचा हमिंगबर्ड घ्या, चोच अक्षरशः विळ्यासारखी. तो फुलावर बऱ्याचदा उडत नाहीच, लटकतो, पायांनी पकडून बसतो आणि पितो. त्याला हवेत उभा केलेला फोटो सुंदर असेल पण तो त्या पक्ष्याचा स्वभाव नाही. उलट पर्पल-क्राउन्ड फेअरी म्हणून एक आहे तो फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध चोरतो, परागकण वगैरे भानगडीत पडतच नाही. आपले शिंजीर मिरची जास्वंदीला हेच करतात, आणि मिरची जास्वंद आली मुळात मेक्सिकोकडून, हमिंगबर्डच्याच गावची. चोरीचा फोटो कुणी काढत नाही कारण तो कंपोझिशनमध्ये बसत नाही, मला तो फार आवडेल.

तर घरी परत आल्यावर मी ठरवलं की माझ्या अंगणातल्या पक्ष्याला त्याच्याच फुलावर बघायचं. आणि इथे आईचा संबंध येतो. ती ऑगस्टमध्ये इकडे आली होती, आमच्या मागच्या ओढ्याकाठी आम्ही फिरायला गेलो तर पाण्याच्या कडेला छातीएवढ्या उंच हिरव्या झुडपांवर नारिंगी फुलं लटकलेली, आणि आई जागीच थांबली. "अगं तेरडाच की हा, फक्त रंग बदललाय." मी म्हटलं याला ज्वेलवीड म्हणतात. तिने एक बोंड चिमटीत धरलं, ते फट्‌दिशी फुटलं, बिया उडाल्या, आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. बरोबर होतं तिचं, दोन्ही एकाच वंशातले, इम्पेशन्स. चिपळूणला आमच्याकडे तेरड्याचीच गौर आणतात, तिने चार काठ्या तोडायला घेतल्या होत्या, मी अडवलं कारण बाजूलाच पॉयझन आयव्ही, अंगाला खाज आणणारी वेल, होती.

रुबी थ्रोटेडचं आणि या तेरड्याचं खास आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हे पक्षी दक्षिणेला निघतात, त्यातले बरेच मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात, आठशे किलोमीटर पाणी, खाली टेकायला जागा नाही, आणि नेमका त्याच वेळी ओढ्याकाठी हा फुललेला असतो. फुलाच्या मागे एक बारीक वाकडी शेपटी असते, मध तिथे. पक्षी चोच घालतो, तेवढ्यात फुलाच्या छताला लागलेले परागकण चोचीच्या वरच्या बाजूला घासले जातात. यावरही अभ्यास झालाय, शेपटी जास्त वाकडी असली तर चोचीवर पराग जास्त जातात.

पण हे फूल क्लॅम्पमध्ये लागत नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, या तेरड्याला तोडल्यावर तीन तासही धड निघत नाहीत, देठात नुसतं पाणी, घरी आणेपर्यंत मान टाकतो. म्हणजे फुलाला फ्लॅशकडे आणता येत नाही, फ्लॅशला फुलाकडे जावं लागतं. मग गमबूट, फुल पँट मोज्यात खोचलेली, गोचिडांसाठी स्प्रे, तीन स्टँड चिखलात रोवलेले, आणि नवरा काठावर खुर्ची टाकून फोनवर मॅच बघतोय. पक्षी फीडरसारखा एका ठिकाणी येत नाही, शंभर फुलं आहेत, तो कुठल्यावर जाईल ते आपण सांगू शकत नाही, फक्त तीन-चार फुलांवर फ्लॅश रोखून बसायचं आणि त्याने ती निवडायची वाट बघायची. मागे पडदा नाही. मागची झाडी काळी पडू नये म्हणून मी थोडा दिवसाचा उजेड आत येऊ देते, दोनेक स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), त्यामुळे ओढ्याचा खराखुरा हिरवा रंग येतो आणि पंखांच्या टोकाला थोडं भूत येतं. नियमाप्रमाणे ते चूक आहे. मला ते आवडायला लागलंय, पक्षी हलतोय हे कळतं तरी.

आणि फोटोत काय मिळालं, तर चोचीच्या वर पांढरी पावडर. कपाळापर्यंत, पीठ लागल्यासारखी. सारापिकीच्या माझ्या त्या देखण्या फोटोंमध्ये चोच धुतल्यासारखी स्वच्छ आहे, सिरिंजच्या साखरपाण्यात पराग कुठून येणार. आता कुठलाही हमिंगबर्डचा फोटो समोर आला की मी आधी चोच बघते, पंख नंतर. फूल समोर, जीभ बाहेर, पण चोच चकचकीत, की समजायचं बहुतेक क्लॅम्प आहे कुठेतरी फ्रेमच्या बाहेर.

या फोटोंचं फारसं कौतुक झालं नाही हेही सांगते. सप्टेंबरपर्यंत नर बहुतेक निघून गेलेले असतात, राहतात त्या माद्या आणि यंदाची पिल्लं, त्यांचा गळा पांढरा. फोटो टाकला की खाली प्रश्न, लाल गळ्याचा नाही मिळाला का? फूल पण अर्धं पानामागे. जॅकोबिनच्या फोटोला दहापट लाइक्स आहेत आणि मी ते फोटो काढून टाकलेले नाहीत, फक्त खाली लिहिलंय की फूल लावलेलं आहे आणि ते आशियातलं आहे.

फ्लॅशने पक्ष्याला त्रास होतो का असं हटकून विचारतात. माझ्याकडे येणारे फ्लॅशला दचकत नाहीत, शटरच्या आवाजाला कधीकधी दचकतात, तरी संध्याकाळी उजेड कमी व्हायला लागला की मी बंद करते कारण रात्रभर उपाशी राहायच्या आधीचं त्यांचं ते शेवटचं जेवण असतं. आणि तिकडे भारतात कुणाला हे शिंजीरवर करायचं असेल तर एवढा खटाटोप लागतच नाही, तो बहुतेक वेळा बसूनच पितो, एक फ्लॅशही पुरे, घरट्यापाशी मात्र तोही नको.

या वर्षी कुंपणाशी कार्डिनल फ्लॉवर लावलंय, हेही इथलंच, हे नर निघून जायच्या आधीच फुलतं म्हणजे लाल गळावाल्यांचीही सोय झाली. फक्त ते इतकं भडक लाल आहे की फ्लॅशखाली पाकळ्यांचा नुसता लाल गोळा होतो, बाकी सगळं नीट असताना एकटा लाल रंग आधी हद्दीबाहेर जातो, त्यामुळे सध्या फ्लॅश आणखी अर्धा स्टॉप खाली आणून बघतेय आणि स्टँड अजून जवळ सरकवतेय.